भाऊबीजेचे वीस गुंठे

भूसंपादन कचेरीत साहेबांनी फायलीतून खरेदीचा कागद वर काढला. लांबूनही तुंगाने तो ओळखला. खाली तिच्या भावाची, अण्णांची म्हणजे हणमंतरावांची, वळणदार मोडी सही होती.

"बघा, होसकोटे रस्त्याची तुमचीच जमीन," साहेब अण्णांना म्हणाले. "वीस गुंठे, शंभर रुपये. तीन वर्षांपूर्वी तुम्हीच विकलेली. म्हणजे एकराला दोनशे झाले. आता कारखान्यासाठी सरकार तुमचा मळा घेतंय, तर एकरी दोन हजार मागता?"

आसपास दुसऱ्या कोणी जमीन विकलीच नव्हती. दर बांधायला साहेबांना एवढाच कागद सापडला होता.

अण्णांचा चार एकर द्राक्षाचा मळा, विहीर, मळ्यातलं घर, सगळंच जाणार होतं. आनेकलला दुसरी जमीन बघून त्यांनी विसारही देऊन ठेवला होता, एकरी अठराशेच्या बोलीवर. दोनशेच्या दराने तिथे अर्धा एकरसुद्धा आला नसता.

"साहेब, ती विक्री नव्हती," ते कसेबसे म्हणाले. "बहिणीला दिली ती."

"मग दानपत्र का नाही केलंत?"

उत्तर तुंगाजवळ होतं, आणि तिचा नवरा उमाकांत तिच्या शेजारीच उभा होता.

लेकीच्या, नीलूच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी होती, तेव्हा अण्णांनी ही जमीन देऊ केली. उमाकांतचा बाणा मोठा. "सासरचं फुकट मी घेणार नाही. विकत देत असाल तर द्या." मग नावाला शंभर रुपये किंमत लिहिली. उमाकांतने करकरीत नोट मोजून दिली. आणि त्या दिवाळीत भाऊबीजेला तीच नोट, चार घड्या घालून, अण्णांनी तुंगाच्या ताटात टाकली. डोळ्यांनीच सांगितलं, बोलू नकोस. तिला ती खर्चवेना. तिने ती लेकीच्या गोधडीत शिवून टाकली.

गोधडी आत्ता तिच्या खांद्यावर होती, आणि तिच्यात गुरफटलेली नीलू पेंगत होती.

तुंगाने गोधडीचा कोपरा दातात धरला आणि टाके उसवले. नोट टेबलावर ठेवली.

"ही ती किंमत, साहेब. अण्णाने मला ओवाळणीत परत दिली. जमीन विकलेली नाही."

साहेबांनी नोट उलटसुलट केली. "सरी, ठीक आहे, अक्का. पण नोट काय बोलणार? नोंदलेला कागद खोटा म्हणाल, तर सरकारचा स्टँप बुडवला हेही कबूल करावं लागेल." मग जरा नरमून म्हणाले, "तुमचा जबाब लिहून घेतो. दर मात्र कागदावरच बांधणार. हणमंतराव, मान्य नसेल तर हरकत लिहून सही करा. सहा आठवड्यांत कोर्टाकडे अर्ज देता येईल."

"तीन वर्षं," उमाकांत हळूच म्हणाला. "तीन वर्षं तुम्ही दोघं मला हसत होतात."

"नाही हो भावोजी. बहिणीला ओवाळणी घातली, एवढंच."

"मी विकत घेतली होती ती जमीन. चारचौघांत तसंच सांगत आलो."

तो चपला फटफटत निघून गेला. अण्णा हरकत लिहीत होते, आणि शाई कागदावर पसरत होती.

बाहेर पायरीवर दोघं टेकली. नीलू उसवलेला कोपरा चोखत होती.

"कोर्टात चार वर्षं लागतील म्हणतात," अण्णा म्हणाले. "तिथेही सांगशील हे सगळं?"

"सांगेन की."

"आणि भावोजींनी घरात घेतलं नाही तर?"

"मग काय, तुझ्याकडे..."

पण पुढच्या महिन्यात अण्णांचं मळ्यातलं घरच सरकारच्या ताब्यात जायचं होतं. अण्णांनी नीलूला तिच्या हातातून घेतलं आणि गोधडी नीट गुंडाळत बसले.