हललं तर आपलं

तिने डब्याचं झाकण अर्धं उघडलं होतं, तेवढ्यात गणित्याने डब्याशेजारी एक कागद आणून ठेवला.

"आधी जेवून घे," तो म्हणाला.

"जेवायचंय तर कागद कशाला ठेवलास?"

आकाशातल्या दगडांच्या वाटा काढायचं काम त्याचं, म्हणून सगळे त्याला गणित्या म्हणत. एरवी बोलून बोलून डोकं उठवणारा माणूस आज नुसता खुर्ची ओढून बसला. तिने कागद वाचला. फुटबॉलच्या मैदानाएवढा एक दगड पृथ्वीजवळून गेला होता, चंद्राच्या अंतराच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यावरून. जाणार आहे असं नव्हतं लिहिलेलं. गेला होता. मंगळवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी. आज गुरुवार होता. दुसऱ्या एका देशातल्या दुर्बिणीला तो लांब जाताना दिसला होता, पाठमोरा.

"मंगळवारी चार वीसला मी दाताच्या डॉक्टरकडे होतो," गणित्या म्हणाला. "आ वासून मेलो असतो."

ती हसली नाही. मंगळवारी चार वीसला ती शिंप्याच्या दुकानात उभी होती. मुलीच्या गणवेशाची एक बाही दुसरीपेक्षा लांब का, म्हणून त्याच्याशी हुज्जत घालत होती, आणि मुलगी बाहेर पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. तिने कागदावरची वेळ परत एकदा वाचली.

"ह्याची वाट मागे नेऊन बघितलीस?" तिने विचारलं.

"नेली. मागचे बारा दिवस तो आपल्या चित्रांत यायला हवा होता."

"मग यंत्राने दाखवला कसा नाही?"

गणित्याने डब्याकडे नजर वळवली. "दाखवला," तो म्हणाला.

ती काम करायची त्या खोलीला सगळे चाळणी म्हणत. रात्री दुर्बीण आकाशाच्या एकेका तुकड्याची अर्ध्याअर्ध्या तासाने चार चित्रं घ्यायची. सकाळी यंत्र शंकेचे ठिपके काढून द्यायचं, आणि तारा की दगड हे ती ठरवायची. तारे जागच्या जागी राहतात, दगड सरकतात. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी सांगायची, हललं तर आपलं. सोळा वर्षं ह्या खोलीत तिचाच शब्द चालत होता, आणि पुढच्या महिन्यात खोलीच तिच्या हाती येणार होती.

तिने डबा बाजूला सारला आणि जुनी चित्रं उघडली. चार वेगवेगळ्या सकाळी यंत्राने तोच ठिपका विचारला होता. चारही वेळा खाली तिच्याच नावाचं पहिलं अक्षर, आणि शेरा: तारा. नकाशात त्या जागी तारा नव्हता, पण मधूनच उजळणारे तारे असतातच, त्यात काय एवढं. पहिल्या दिवसापेक्षा चौथ्या दिवशी तो चांगला ठळक झाला होता. पण कालचं चित्र आज काढून कोण बघतं?

"हललाच नाही रे तो."

"हलणार कसा? पोरीबरोबर चेंडू खेळतेस ना? बाजूने जाणारा चेंडू सरकताना दिसतो. थेट तोंडावर येणारा जागचा हलत नाही, नुसता मोठा होतो."

हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं. तिने ते पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्कही मिळाले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मोठ्या बाईंनी, म्हणजे त्या दोघांच्या वरिष्ठांनी, कागद वाचला आणि उठून दार लावून घेतलं.

"लागला नाही ना? मग बला टळली समज. त्यातल्या दोन रात्री तसेही ढग होते. अहवालात ढग लिही."

"चार सकाळी बघितलाय मी तो, बाई."

"आणि कोणाला माहितेय? झाकली मूठ सव्वा लाखाची." बाईंचा आवाज मऊ होता. तिला ह्या कामावर त्यांनीच आणलं होतं. "तुझ्या बढतीचा कागद अजून माझ्या टेबलावर आहे. खरं लिहिलंस तर तो पुढे जायचा नाही. शिवाय ह्या मोसमात तू सोडलेला एकूण एक ठिपका परत तपासावा लागेल. नियम माहितेय ना?"

"माहितेय."

जागेवर येऊन तिने ढग हा शब्द टाइपसुद्धा केला. सोपा होता, दोनच अक्षरं. मग तिला पायरीवर वाकून नाडी बांधणारी मुलगी दिसली, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की कोणी बघत नाही ना म्हणून तिने आजूबाजूला पाहिलं. तिने शब्द खोडला. 'चार वेळा दिसला. चारही वेळा मी तारा म्हणून सोडला.' असं लिहून, परत न वाचता, तिने अहवाल पाठवून दिला.

"गेली म्हणायची बढती," गणित्या म्हणाला आणि आपली खुर्ची तिच्या शेजारी ओढून बसला. "चल. किती आहेत?"

"सहाशे बारा."

ह्या वेळी ते एकेका ठिपक्याची सगळ्या दिवसांची चित्रं शेजारीशेजारी लावून बघत होते. तारा. तारा. भिंगावरची धूळ. परत तारा. गणित्याच्या जांभया सुरू झाल्या. दुपारी साडेतीनच्या सुमाराला, चारशेच्या थोडं पुढे, तिने पडद्यावर बोट टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. पाच चित्रं, पाच वेगवेगळे दिवस, ठिपका जागच्या जागी. प्रत्येक चित्रात आधीपेक्षा किंचित ठळक. खाली पाच वेळा तिचंच अक्षर.

गणित्या त्या ठिपक्याची वाट काढायला उठला. तासाभराने परत आला तेव्हा कागद त्याने टेबलावर ठेवला नाही, हातातच धरला.

"कधी?" तिने विचारलं.

"एकोणीस दिवस."

"किती जवळून?"

"आज रात्रीची चित्रं आल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही." तो खाली बसला. "पण तीनदा गणित केलं. मला तो पृथ्वीच्या बाजूने काढताच येत नाहीये."

तिला भीती वाटली, साधी, लहानपणी अंधाराची वाटायची तशी. बोट अजून पडद्यावरच होतं. तिने ते खाली घेतलं.

मोठ्या बाई आल्या, चष्मा लावून पाचही चित्रं बघितली, मग चष्मा काढून पुन्हा बघितली.

"मी तुला ढग लिहायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

मग बाईंनी भिंतीवरची, दगड येताना दिसला तर कळवायच्या फोन नंबरांची यादी खिळ्यावरून काढून तिच्यापुढे ठेवली. दरवर्षी सरावाला तेवढी ती खाली यायची. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

"तू कर," बाई म्हणाल्या. "तू बघितलंयस."

तिने पहिला नंबर फिरवला. बेल बराच वेळ वाजली. मग पलीकडून कोणीतरी घास गिळत म्हणालं, "हं, बोला."

"चाळणीतून बोलतेय," ती म्हणाली. "एक ठिपका आहे. हलत नाहीये."