एकाच खेपेत

काम फत्ते झालं की मला शांत बसता येत नाही, आणि त्या सकाळी ते जरा जास्तच फत्ते झालं होतं.

आजारी माणसांच्या घरी नर्स पाठवणाऱ्या एका संस्थेत मी प्रोग्रामर आहे. सकाळी सगळ्या सिस्टर पडद्यासमोर गोळा होतात, आपापल्या पेशंटची यादी घेतात आणि स्कूटरला किक मारतात. पण गेले कित्येक महिने ती यादी उघडायलाच इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात त्यांचा चहा व्हायचा, भांडण व्हायचं, भांडण मिटायचंही. मग सगळ्या मिळून माझ्या खोलीकडे बघायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण त्यांचं खरं होतं.

दोष सापडला तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही डेटाबेसशी थेट बोलत नाही, मध्ये एक लायब्ररी असते, म्हणजे निरोप ने-आण करणारा आयता प्रोग्राम. ती भलतीच आज्ञाधारक. ‘आजचे पेशंट आण’ म्हटलं की आणते. पण प्रत्येक पेशंटच्या शेजारी नातेवाइकाचा फोन नंबरही दाखवायचा असतो, तर त्यासाठी ती एकेका नावामागे डेटाबेसकडे नव्याने हेलपाटा घालत होती. मीठ आणून झालं की साखरेसाठी पुन्हा दुकानात, तसं. काल संध्याकाळी मी तिला बजावलं, बाई गं, पेशंट आणि नातेवाईक जोडून एकाच खेपेत घेऊन ये. एवढी एकच ओळ बदलली. आज यादी पापणी लवायच्या आत उघडली.

“जादू केलीस की गं!” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. सगळ्यांवर देखरेख त्यांचीच, आणि त्या सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. मी जागच्या जागी फुशारले. सिस्टर भराभर बाहेर पडल्या. अंगण रिकामं झालं आणि मला उगाचच चुटपुट लागली. पुन्हा पुन्हा यादी उघडून बघितली. उघडतेय. बंद केली. पुन्हा उघडली.

फोन वाजला. आत्याचा. मी तो कापला. आत्याने मला लहानाचं मोठं केलं. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते आणि तिला बोलायला विषय लागत नाही. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. कामाच्या वेळी कशाला करते ही फोन? खरं तर त्या वेळी मला काडीचं काम नव्हतं.

तिसऱ्यांदा उचलला. “काय गं आत्या, कामात आहे ना मी!”

“भिंगरे, ओरडू नकोस. सिस्टर आली नाही अजून.”

“येईल गं. रस्त्यात असेल.”

“येऊ दे. सुई टोचल्याशिवाय खाता येत नाही, म्हणून विचारलं.”

तिला नर्स आमच्याच संस्थेतून जाते. तिचे हात थरथरतात, स्वतःला इंजेक्शन घेता येत नाही. गेल्या वेळी सुई चुकली, साखर चढली आणि ती बाथरूममध्ये पडली होती. कुणाची पाळी आहे बघावं म्हणून मी यादीत तिचं नाव शोधलं. नव्हतं. वरून खाली, खालून वर. नव्हतंच. मग पेशंटची मूळ नोंद उघडली. तिथे आत्या होती, पत्त्यासकट. फक्त नातेवाइकाचा रकाना रिकामा होता.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी ‘जोडून आण’ म्हटलं होतं. ज्याला जोडायला कुणीच नाही त्याचं काय करायचं, ते सांगितलंच नव्हतं. लायब्ररीने अशा माणसांना मुकाट गाळून टाकलं होतं. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. आत्याला कुणी नाही? मग मी कोण?

मी धावत मोठ्या सिस्टरकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

“नातेवाईक नसलेले सगळे गेले?”

“सगळे.”

“अगं, त्यांच्याकडेच तर आधी पोचायला हवं!”

त्या ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. मी परत येऊन जोडणीचा प्रकार बदलला. नातेवाईक असो वा नसो, पेशंट आलाच पाहिजे. यादी आताही झटकन उघडली आणि एकेक एकटं माणूस परत आलं. मोठ्या सिस्टर फोनवर फोन लावून रस्त्यातल्या मुलींना वळवत होत्या. “आधी तिथे जा. बाकी सगळं सोड.”

आत्याच्या नावापुढचा रकाना माझ्यासमोर होता. माझं नाव तिथे घालायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा. पण ते तिच्या तोंडून यायला हवं होतं. मी पर्स उचलली आणि बस पकडली. बस प्रत्येक सिग्नलला थांबत होती आणि मी मनातल्या मनात ड्रायव्हरला शिव्या घालत होते.

मी पोचले तेव्हा सिस्टर जिना उतरत होती. “दिलं इंजेक्शन. ठीक आहेत,” ती म्हणाली. माझ्या जिवात जीव आला. वर आत्या ताटावर बसली होती आणि भराभर जेवत होती. इतक्या भुकेने तिला जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू फुटलं.

“रडतेस काय? जेवलीस का?”

“आत्या, नाव नोंदवताना नातेवाईक कोण, असं विचारलं असेल ना तुला?”

“विचारलं की.”

“मग माझं नाव का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. ती मुलगी म्हणाली, नंबर चालू आहे का बघते. तिथेच बसून तिने दोनदा लावला.” आत्याने पाण्याचा घोट घेतला. “तू उचलला नाहीस. मग मीच म्हटलं, राहू दे बाई रिकामं. वेळेला उगाच त्यावर विसंबून बसाल.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं.

“आता घालू माझं नाव?”

तिने शेवटचा घास खाल्ला, ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“बघू,” ती म्हणाली. “आधी फोन उचलायला लाग.”