खळ्यावरची झेप

संत रोक्कोच्या सणाच्या सकाळी लोरेतानं इस्त्री तापवली आणि तिला स्वतःचाच राग आला. तीन वर्षं पेटीच्या तळाशी पडलेली जर्सी. पिवळी, पाठीवर एक नंबर. न्यायचीच नव्हती तर काल धुतलीस कशाला? आणि धुतलीस, तर आता इस्त्री हातात धरून विचार कसला करतेयस, बाई?

या जर्सीची गोष्ट अशी. रोकाफेर्ना गावात दर वर्षी संत रोक्कोच्या दुपारी देवळाखालच्या मैदानात फुटबॉलचा सामना होतो, सडेफटिंग विरुद्ध संसारी. कप नाही, पदक नाही. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना मटणाचे तुकडे ओवलेल्या काड्या भाजून वाढायच्या, एवढंच. पण त्यावरून गावात जेवढी भांडणं झाली तेवढी निवडणुकीवरून कधी झाली नाहीत. संसारी कोणाला म्हणायचं? विधुराचं काय? बायको माहेरी निघून गेलेल्याचं काय? पोस्टमनचं लग्न आठवड्यावर आलं होतं त्या वर्षी मध्यंतरच तासभर लांबलं. शेवटी नाझारेनो न्हावी वैतागला. पंच तोच, कारण गावात शिट्टी त्याच्याकडेच होती. त्यानं नियम करून टाकला : ज्याची बायको कुंपणापाशी जर्सी घेऊन येईल, तो संसारी. चर्च काय म्हणतं, कोर्ट काय म्हणतं, ते त्यांचं त्यांनी बघावं. तेव्हापासून बायका धुतलेल्या, इस्त्री केलेल्या जर्सी हातावर टाकून कुंपणाशी रांगेत उभ्या राहतात आणि नवरे येऊन आपापली घेतात. वीस वर्षं झाली, नियम कोणी मोडलेला नाही.

ओरेस्ते मार्चमध्ये तुरुंगातून सुटला. सुटला तो थेट घरी आला, दारात उभा राहिला. लोरेता "ये" म्हणाली नाही आणि "जा"ही म्हणाली नाही. मग त्याचं त्यानंच काय ते समजून घेतलं आणि तेलाच्या घाण्यावरच्या खोलीत जाऊन राहिला. पाच महिने लोकांच्या ऑलिव्हच्या बागांत राबत होता. रस्त्यात गाठ पडली की "कशी आहेस?" आणि "बरी आहे." पुढं काही नाही. बावीस वर्षांचा संसार आणि बोलायला दोन वाक्यं!

तेवढ्यात झोराइदे मावशी आल्या. मावशी शेजारच्या, ऐंशीच्या, आणि दार वाजवून आत येणं त्यांना आयुष्यात जमलं नाही.

"इस्त्री करतेयस?"

"नाही, मासे तळतेय."

"खवचट मेली! म्हणजे नेणार तू जर्सी."

"ठरवलं नाही अजून."

"ठरवायचं काय त्यात? चुकला, शिक्षा भोगली, आला. आता जन्मभर त्याला घाण्यावर टांगून ठेवणारेस?"

"मला काय सांगता? क्विरीनोला सांगा."

"क्विरीनोला जनावरं कापायला सांगावं. माणसांतलं त्याला काय कळतं?"

मावशी काही म्हणोत, गावाचं मन क्विरीनो खाटकाच्या तोंडूनच बोलायचं. ओरेस्ते समुद्रकाठच्या शहरातल्या क्लबाचा गोलकीपर होता, तेव्हा एक रविवार सोडून एक क्विरीनो इथून बस भरून न्यायचा. जाताना गाणी, येताना गाणी. काय दिवस होते ते! बसच्या मागच्या सीटवर चीजचा अख्खा गोळा, दारूचा बुधला, आणि पुढं लोरेता, राणीसारखी. बारमध्ये ओरेस्तेचा हवेत झेपावलेला मोठा फोटो होता. तो पकडला गेल्यावर क्विरीनोनं फोटो काढला नाही, त्याच्यावर आपल्या दुकानाचं कॅलेंडर ठोकलं. ते कॅलेंडर आता तीन वर्षांचं जुनं झालंय, तरी कोणी बदलत नाही. बदलायला गेलं तर खालचं दिसेल ना.

ओरेस्ते सुटून आला त्या आठवड्यात क्विरीनो बारमध्ये म्हणाला होता, "तीन वर्षांत सरकारचं समाधान झालं असेल. माझं कुठं झालं? क्लब बुडाला त्या दिवशी सरकार बसमध्ये रडलं नव्हतं."

लोरेताला मात्र गावानं तळहातावर जपलं. "बिचारी! तिला काय ठाऊक!" दारात कोणी अंडी ठेवून जायचं, कोणी टोमॅटो. तीन हिवाळे तिची लाकडं क्विरीनोनं स्वतः येऊन फोडून दिली, न बोलावता. आणि दर "बिचारी"ला लोरेता मान खाली घालायची. कारण तिला ठाऊक होतं.

कसं, ते समजायला चोवीस वर्षं मागं जायला हवं, लोरेताच्या बापाच्या खळ्यावर. ती सोळाची होती, तो अठराचा. मळणी झालेली, खळं झाडून लखलखीत, दोन पिंपं ठेवली की झाला गोल. ओरेस्तेला कीपर व्हायचं होतं आणि त्याच्यावर चेंडू मारायला कोणी हवं होतं. निदान तो तसं सांगायचा. रोज संध्याकाळी लोरेता चपला काढून चेंडू मारायची आणि नेमात गेलेला तिचा प्रत्येक चेंडू गोल व्हायचाच. महिनाभर तिला वाटलं, आपल्या पायात जादू आहे.

मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या कोणी मारलेला चेंडू खरोखर अडवायचा असला की ओरेस्ते बटाट्याच्या पोत्यासारखा पडायचा. तोंड उघडं, गुडघे कुठल्या कुठं, कान जमिनीवर खरवडलेला, आणि घशातून "हं!" असा बैलासारखा आवाज. आणि तिचा चेंडू सोडायचा असला की? अहाहा! अंग सरळ, पाय जुळलेले, बोटं लांब, आणि चेंडूपासून बरोबर एक वीत कमी. लोरेता मनात इतकी हसली आणि इतकी सुखावली की काही बोललीच नाही. अख्खा उन्हाळा गोल मारत राहिली. सप्टेंबरमध्ये त्यानं लग्नाचं विचारलं.

ती खोटी झेप जगात तिला एकटीला ओळखू येत होती, कारण ती बसवलेलीच तिच्यासाठी होती.

आणि मग तो रविवार. सामना संपायला पंधरा मिनिटं उरलेली, डावीकडून एक साधासा चेंडू आला. लोरेता संत्रं सोलत होती. तिनं मान वर केली आणि बघितलं : अंग सरळ, पाय जुळलेले, एक वीत कमी.

"काय झेप मारली!" शेजारी क्विरीनो कळवळून म्हणाला. "नशीबच फुटकं बिचाऱ्याचं!"

ओरेस्ते उठला. चेंडूकडं त्यानं बघितलंच नाही. त्यानं वर बाकांकडं बघितलं, नेमकं तिच्याकडं, आणि तिच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं.

त्या संध्याकाळी तिनं त्याला सूप वाढलं. "मीठ बरं आहे ना?" एवढंच विचारलं. दुसरं काही विचारायचं धाडस झालं नाही. तिनं विचारलं असतं तर तो बोलला असता, असं तिला आजही वाटतं. त्यानंतर त्यानं आणखी दोन सामने विकले. क्लब खालच्या श्रेणीत गेला. सट्टेवाल्यांच्या टोळीबरोबर तो पकडला गेला तेव्हा न्यायाधीशासमोर उभा राहून म्हणाला, "माझ्या बायकोला यातलं काही माहीत नव्हतं." तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला. आणि लोरेतानं गावाला सांगितलं, "मला काय ठाऊक!"

"इस्त्री जळतेय," झोराइदे मावशी म्हणाल्या.

लोरेतानं झटकन इस्त्री उचलली. जर्सी वाचली. तिनं तिची घडी घातली, हातावर टाकली आणि मावशींना म्हणाली, "चला."

कुंपणापाशी ती रांगेत जाऊन उभी राहिली तशी बायकांची बडबड बंद पडली. ओरेस्ते पलीकडं नळापाशी एकटाच बसला होता. लोरेताला ठरवलेलं काहीच बोलता येईना, तेव्हा ती ओरडली, "अरे, बसलास काय? हात भरून आला माझा!"

तो आला. जर्सी घेताना त्यानं घडीवरून हात फिरवला. "इस्त्री केलीस," तो म्हणाला.

"मग काय चुरगळलेली आणू?"

क्विरीनोनं अंगातली जर्सी डोक्यावरून ओढायला सुरुवात केली. "हा असेल तर मी नाही."

"खाली कर ती!" त्याची बायको कडाडली. "तुझ्याशिवाय दहाच होतात. आणि ते पोट कोण बघणार?"

लोक हसले आणि नाझारेनोनं ती संधी साधून शिट्टी वाजवली.

सामना नेहमीसारखाच झाला, म्हणजे फुटबॉल कमी आणि आरडाओरडा जास्त. मैदान एका अंगाला उतरतं, त्यामुळं चेंडू निम्मा वेळ द्राक्षांच्या मळ्यात. ओरेस्तेनं बरेच चेंडू अडवले. कोणी टाळी वाजवली नाही, पण शिवीही दिली नाही. दोन-दोन गोल झाले होते आणि देवळाच्या घड्याळात सहा वाजून सामना संपायला चार मिनिटं होती, तेव्हा क्विरीनोच्या हाताला चेंडू लागला. पेनल्टी!

सडेफटिंगांकडून मिर्को पुढं आला. हा गवंड्याचा मुलगा, सव्वीसचा, लाथ घोड्यासारखी. सगळं गाव कुंपणाला चिकटलं. मिर्कोनं मारला, खाली, डाव्या बाजूला. ओरेस्ते पडला. चेंडू त्याच्या छातीला लागला, पोटाखालून घरंगळला आणि हळूहळू, अगदी चिडवल्यासारखा, रेषेपलीकडं गेला.

मग क्विरीनोचा आवाज आला, "हा कोणाला विकलास रे?"

आणि गाव हसलं. शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. नाझारेनोसुद्धा शिट्टी तोंडात धरून हसला. ओरेस्ते उठून गुडघ्यांवर बसला होता. कान खरवडून रक्त आलं होतं. त्यानं कोणाकडं बघितलं नाही, वर कुंपणाकडंही नाही.

"गप्प बसा!" लोरेता ओरडली. ती कुंपणाखालून वाकून मैदानात कधी आली ते तिचं तिलाच कळलं नाही. "हा खरा होता! हा त्यानं जीव तोडून अडवायला बघितला. अडला नाही, बस. तो कान बघा त्याचा! खोटं पडताना तो कधी कान खरवडत नाही. खोटं पडतो तेव्हा देखणा पडतो."

"तुला काय ठाऊक, पोरी?" क्विरीनो म्हणाला. अजूनही मायेनंच.

"मला ठाऊक आहे. लग्नाआधी अख्खा उन्हाळा तो माझ्यासाठी तसा पडलाय. आणि त्या रविवारीही तसाच पडला. मी बघितलं, त्याच क्षणी ओळखलं, आणि ब्र काढला नाही. घरी जाऊन त्याला सूप वाढलं."

क्विरीनो दोन पावलं पुढं आला.

"माझ्या शेजारी बसली होतीस तू. संत्रं सोलत होतीस."

"हो."

"मी म्हटलं, काय झेप मारली. आणि तू..."

"हो, क्विरीनो."

"तीन हिवाळे तुझी लाकडं फोडली मी."

"फोडलीस. आणि मी फोडू दिली. त्याला तुरुंग झाला, मला अंडी मिळाली."

क्विरीनो वळला आणि काड्या भाजायच्या भट्टीकडं चालू लागला. त्याच्यामागं एकेक करून सगळे गेले. कोणी लोरेताकडं बघितलं नाही. झोराइदे मावशी तेवढ्या जाताना तिच्या दंडाला चिमटा काढून गेल्या, तो रागाचा की कौतुकाचा ते त्यांनाच ठाऊक.

मैदानात दोघंच उरली.

"कशाला बोललीस?" ओरेस्ते म्हणाला. "ते माझं होतं. तू तरी सुटली होतीस."

"मी कुठं सुटले होते?" ती म्हणाली. "तू तीन वर्षांनी सुटलास तरी. मला कोणी आतच टाकलं नव्हतं, तर सोडणार कोण?"

कान पुसायला त्यानं जर्सीचं टोक उचललं, इस्त्री आठवली असावी, आणि हातानंच पुसला.

भट्टीकडून हाक आली. क्विरीनो कुंपणापाशी येऊन उभा होता, हातात कच्च्या काड्यांचा भारा, चेहरा मारक्या बैलाचा. "हरलोय आपण," तो म्हणाला. "भाजायला माणसं कमी आहेत. आणि घरी जाऊन कान धुवायला वेळ नाही, नळावर धू." एवढं बोलून तो पाठ फिरवून गेला.

ओरेस्ते त्या "आपण"पाशीच उभा राहिला होता. लोरेतानं चपला काढल्या. चेंडू उचलून तिनं पेनल्टीच्या खुणेवर ठेवला.

"जा, उभा राहा तिथं."

"लोरेता, चाळीस वर्षांची आहेस तू."

"उभा राहा म्हणते ना! आणि खबरदार सोडलास तर."

तो जाऊन दोन खांबांच्या मध्ये उभा राहिला. तिनं चार पावलं मागं घेतली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मारला. चेंडू उजवीकडं गेला, बऱ्यापैकी वेगात. ओरेस्ते पोत्यासारखा पडला. तोंड उघडं, गुडघे कुठल्या कुठं, "हं!" आणि दुसरा कानही जमिनीवर घासून निघाला. मग तो तसाच धुळीत पडून राहिला, चेंडू दोन्ही हातांनी छातीशी गच्च धरून.

तिचा गोल त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच अडवला होता. लोरेता तिथंच खाली बसली आणि मोठमोठ्यानं रडली, आणि रडता रडता म्हणाली, "ऊठ आता. काड्या करपतील."