तिसरं प्रकरण

"बाई, तिसरं प्रकरण तेवढं गाळा," समितीचे अध्यक्ष चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "बाकी अहवाल उत्तम आहे."

बाई अर्थतज्ज्ञ, मी त्यांचा टंकलेखक. कुणाच्या राबण्यापायी कुणाचं शिकणं राहतं, या एकाच प्रश्नामागे त्या तीस वर्षं होत्या. तिसऱ्या प्रकरणासाठी त्या अठरा शाळांमध्ये सकाळपासून घड्याळ घेऊन बसल्या होत्या. सफाईच्या बायका कागदावर अर्धवेळ. काम मात्र सात तासांचं. ते उरकावं म्हणून त्यांच्या मुली वर्ग सोडून संडास धूत. एकशे चाळीसपैकी एकोणनव्वद मुलींची शाळा चौथीच्या आत सुटली होती.

"आईला हातभार लावतात पोरी. संस्कार आहेत ते," अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्या नातीला कधीपासून देताय हे संस्कार?" बाईंनी विचारलं.

सचिवांना ठसका लागला. अध्यक्षांचं बिस्कीट चहात पडलं आणि ते चमच्याने शोधू लागले. उभ्या कारकिर्दीत त्यांनी लावलेला हा एकमेव शोध असावा.

"पुढच्या समितीचं अध्यक्षपद तुमच्याकडेच येतंय," सचिव गोड आवाजात म्हणाले. "जरा समजून घ्या."

"समजलंय, म्हणूनच नको म्हणते."

अहवाल छापून आला. चाळिसाव्या पानानंतर थेट त्रेसष्टावं. बाईंनी मला बोलावलं.

"पानं कुणी काढली?"

"मी. साहेबांचा हुकूम होता. घरी दोन लेकरं आहेत, बाई."

"मग पानांचे आकडे तरी सलग करायचे. लबाडीलाही थोडी मेहनत लागते."

त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रकाशनाच्या समारंभात त्यांना दोन मिनिटं दिली होती. त्यांनी पिशवीतून ती बावीस पानं काढली आणि वाचायला सुरुवात केली. माइक बंद झाला. त्या वाचतच राहिल्या. पहिल्या रांगेतले मान्यवर छत गळत असल्यासारखे वर बघत बसले. मागे बसलेल्या दोन वार्ताहरांनी मात्र सगळं लिहून घेतलं.

बातमी गाजली, विधानसभेत प्रश्न आले. बाईंना पुढे एकाही समितीवर घेतलं नाही. चार वर्षांनी सफाईच्या बायका पूर्णवेळ झाल्या, मदतीला माणूसही मिळाला. घोषणा अर्थातच अध्यक्षांनी केली. "हा प्रश्न मी पहिल्यापासून लावून धरला होता!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. लाचारी अंगवळणी पडली की हात आपोआप उठतात.

बाई निवृत्त झाल्यावर, का कोण जाणे, एका शाळेत जाताना मला सोबत घेऊन गेल्या. व्हरांडा पुसणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं, "मुलगी कुठे असते तुमची?"

"कुठे म्हणजे? वर्गात. सातवीला आहे." तिने मानसुद्धा वर केली नाही. "आणि ओ बाई, इथून नका जाऊ. आत्ताच पुसलंय."

"चुकलं हो," बाई म्हणाल्या. त्यांनी चपला हातात घेतल्या आणि भिंतीच्या कडेकडेने, कोरड्या फरशीवरून चालत गेल्या.