दिनानाथशेटची सालं

प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळी फोटोतल्या मुलींनी कोळंबी सोलायचं थांबवलं आणि दिनानाथशेट कधी येणार असं विचारलं. वाचनालयाचा शिपाई काचा पुसत होता. जेवणाआधी येतील, असं सांगून त्यानं पुढची काच पुसायला घेतली.

भागीरथी टंडेलला खास बोलावणं होतं, कारण मधल्या मोठ्या फोटोत ती होती. लहानपणीची, उकिडवी बसलेली, शेजारी धाकटी बहीण काशी. बंदरावरच्या कारखान्यात मुली पहाटेपासून बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलायच्या, तेव्हा कुणी बाहेरगावचा फोटोग्राफर येऊन गेला होता. त्याचे फोटो आता भिंतीवर लागले होते आणि फीत कापायला बोलावलं होतं कारखान्याच्या मालकालाच.

फोटो काढल्यानंतर थोड्याच दिवसांनी कारखान्यात तपासणीचे साहेब आले. मुली दिसू नयेत म्हणून शेटनी सगळ्यांना बर्फाच्या खोलीत कोंडलं. दार उघडलं तेव्हा काशी उठली नाही. पोरीची छाती जन्मापासून कमजोर होती, असं शेटनी आईला सांगितलं आणि आईनं त्यांना हात जोडले. काशीचा चेहरा भागीरथीला आता फोटो पाहिल्यावरच आठवला, पण ते जोडलेले हात ती एक दिवसही विसरली नव्हती.

शेट मुलाच्या खांद्यावर हात टाकून आले. खूप थकले होते. ते मोठ्या फोटोसमोर येताच भागीरथी पुढे झाली.

"शेट, काशीला काय झालं होतं?"

"कोण काशी?" त्यांनी नम्रपणे विचारलं.

फोटोतून गोदीचे हात बाहेर आले. गोदी मुलींमध्ये मोठी होती. तिनं शेटना मानेखाली अंगठा घालून धरलं, कोळंबी धरतात तसं, आणि ओढलं. जाकीट, चष्मा, कवळी आणि म्हातारपण एकाच सालात निघालं. आत पन्नाशीचा माणूस होता, गळ्यात सोन्याची साखळी. साल तिनं टोपलीत टाकलं. फोटोतलं पाणी जमिनीवर सांडलं, तेव्हा अध्यक्षांनी भाषण न थांबवता माईक थोडा बाजूला घ्यायला सांगितलं. लोकांनी पाय खुर्चीवर घेतले.

भागीरथीनं पुन्हा तेच विचारलं.

तिची छाती कमजोर होती, असं पन्नाशीचे शेट म्हणाले. आईला विचार, तिला सगळं माहीत आहे.

मुलींनी दुसरं साल काढलं. आता तिशीचा तरणा गडी उभा राहिला, केसांना तेल, हातात चाव्यांचा जुडगा. दर सालागणिक हॉल आखडत होता. छत खाली येऊन पत्र्याचं झालं, खिडक्या मिटल्या. बसायला जागा उरली नाही, तसे लोक चहाला म्हणून बाहेर पडले. शेटचा मुलगा तेवढा थांबला होता. बापाकडे नीट पाहून तो म्हणाला की हे तर माझ्याहून लहान आहेत, यांना मी घरी कसा नेऊ? मग त्यानं बापासाठी आणलेली शाल घडी करून काखेत घेतली आणि तोही गेला.

भागीरथीनं आता शेटना अहोजाहो केलं नाही.

"सांग, काशीला काय झालं?"

"साहेब जेवायला बसले होते," तो म्हणाला. "त्यांना मासे आवडले. मधेच उठून दार कसं उघडणार?"

"आतून आवाज येत होता?"

"येत होता."

"मग थांबला कधी?"

"भात वाढला तेव्हा."

मुलींचे हात थांबले. फक्त काशी मान खाली घालून सोलत होती. ती सकाळपासून एकदाही थांबली नव्हती. जन्मभर जे ऐकायचं होतं ते भागीरथीनं ऐकलं होतं. ऐकल्यावर छातीवरचं ओझं उतरेल, असं तिला वाटलं होतं. ते जागचं हललं नाही.

"भागे, पुरे का?" गोदीनं विचारलं.

भागीरथीनं त्या माणसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अजून आहे आत," ती म्हणाली.

शेवटचं साल पातळ होतं, पण चिवट. सगळ्या मुलींनी मिळून ते ओढलं. चाव्या खळकन पाण्यात पडल्या. आतून निघालेला मुलगा काशीएवढा होता. इस्त्रीची चड्डी, भांग पाडलेला, डोळ्यांत काजळ. त्यानं अजून कुणाचंच काही वाईट केलं नव्हतं. तो थंडीनं कुडकुडत होता आणि भिंती त्याच्या पाठीला टेकल्या होत्या.

"मला आईकडं जायचंय," तो भागीरथीला म्हणाला. तिथं मोठी अशी तीच होती.

"जाशील."

"कधी?"

"ढीग संपला की."

कोळंबीचा ढीग छताच्या पत्र्याला लागला होता. काशीनं मान वर न करता, सरकून त्याला शेजारी जागा दिली. तो बसला आणि त्यानं हात पुढे केला. बोटं मऊ होती, नखं स्वच्छ. भागीरथीनं पहिली कोळंबी त्याच्या तळव्यावर ठेवली आणि डोकं कुठे मोडायचं ते दाखवलं.