खोगिरातली हळद

मित्रांनो, जरा हळू बोला. मी नुकताच खुंटीवर टेकलो आहे. काल डिंडोलीत वरात होती, परवा उधन्याला आहे, आणि मधले हे दोन दिवस मला नुसते पडून राहायचे आहे. मी एक जुने खोगीर आहे. अंगावरची लाल मखमल आणि सोनेरी झालर बघून फसू नका. ती लग्नापुरती असते. तिच्याखालचे कातडे तेवढे माझे, आणि ते आता थकले आहे.

बिनकामाची माणसे जमली की तुम्ही लोक त्याला खोगीरभरती म्हणता. खुशाल म्हणा. मात्र खोगिरात काय भरले आहे, याला किती मोल असते ते मला विचारा. माझी सगळी गोष्ट तेवढीच आहे.

माझा जन्म कानपूरचा. तिथल्या एका कारागिराने म्हशीचे जाड कातडे भिजवले, ठोकले आणि लाकडी साच्यावर ताणून मला आकार दिला. पोटात मेंढीची लोकर भरली. भरताना तो वरचेवर स्वतःच्या गुडघ्यावर मला ठेवून दाबून बघायचा. गाठ लागली की भरलेली लोकर पुन्हा उपसून काढायचा. त्या वेळी मला वाटे, काय हा चिकट माणूस! आज त्याची आठवण येते.

तिथून मी सुरतेला आलो, शहराबाहेरच्या एका घोडेस्वारीच्या क्लबात. सुरुवातीला माझे कौतुक काही विचारू नका. माझ्यावर बसून मुले फोटो काढत. मग आठ वर्षे मुले बसली, उतरली, पडली, रडली. घोड्याच्या पोटाखालून आवळायचे तंगाचे पट्टे तुटले, शिवण उसवली, लोकर दबून पापड झाली. एक दिवस नवी खोगिरे आली आणि मला कोठीत चाऱ्याच्या पोत्यांमागे टाकण्यात आले. तिथे उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. तक्रार कुणाकडे करणार?

मला तिथून बाहेर काढले ते स्वातीने. स्वाती त्या क्लबात तबेला झाडायची, घोड्यांना खरारा करायची. साहेबांच्या मुलांचे घोडे बिथरले की त्यांना वठणीवर आणायलाही तिलाच बोलावत. ती उत्तम स्वार होती, पण स्वारी तिच्या कामात धरलेली नव्हती. तिने मला मागून घेतले आणि दुचाकीवर बांधून सुरतेतल्याच डिंडोलीला घरी आणले.

तिचे वडील भिकनआबा मूळचे खानदेशचे. अनेक वर्षे त्यांनी सुरतेत लूमवर कापड विणले. कान जड होऊ लागले तेव्हा लूम सोडली आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून एक काळीभोर घोडी आणली. तिचे नाव चंचल. नऊ वर्षे चंचल वरातीत नवरदेव वाहत होती आणि साऱ्या डिंडोलीत तिचे नाव होते, कारण ती नाचायची. बँड सुरू झाला, नवरदेव वर चढला, की ती पाठ थरथरवायची, मान उडवायची, पाय आपटायची. लोक शिट्ट्या मारत. तिच्या काळ्या पाठीवर, खोगीर बसते तिथे दोन्ही अंगांना एकेक पांढरा डाग होता. आबा ते डाग लक्ष्मीची पावले म्हणून सगळ्यांना दाखवत आणि म्हणत, "लक्ष्मीना पाय शेतस हाई. मन्हा घरमा वनी आनि उमटनात."

वरातीच्या खोगिराची आबांची एक रीत होती. नवरदेवाची आई हळदीच्या दिवशी एक हळकुंड त्यांच्या हाती द्यायची. ते आबा खोगिराची शिवण उसवून आत सारायचे. त्यामुळे वाटेत नजर लागत नाही, असा त्यांचा विश्वास. दिलेले हळकुंड परत काढायचे नाही, आणि त्याबद्दल बोलायचेही नाही. बोलले की गुण जातो म्हणे.

त्यांनी माझे पट्टे नवे केले, मला तेल पाजले. स्वाती मला परत क्लबात नेऊ लागली आणि पहाटे कोणी नसताना क्लबाचा घोडा घेऊन अडथळ्यांवरून उड्या घेऊ लागली. क्लबात शिकवणारे किरण सर एका पहाटे लवकर आले आणि भिंतीशी उभे राहून बघत राहिले. त्यांच्यामुळेच पुढच्या वर्षी स्पर्धेला जाणाऱ्या क्लबाच्या तिघांत स्वातीचे नाव लागले. स्पर्धा होती पोलंडमध्ये. तीन दिवस, एकच घोडा, तीन परीक्षा. पहिल्या दिवशी चाल, दुसऱ्या दिवशी रानातली दौड, तिसऱ्या दिवशी उड्या. घोडे इकडून नेता येत नाहीत. घोडा तिकडचा, खोगीर आपले. क्लबाने स्वातीला सांगितले होते, तिन्ही दिवस पुरे करून ये, मग तू झाडू धरायचा नाहीस. शिकवणारी म्हणून तुझी नेमणूक.

आता आबांचा आनंद किती म्हणून सांगू! जायच्या आदल्या दिवशी स्वाती बाजारात गेली होती, तेवढ्यात त्यांनी मला उसवले. आतली दबलेली लोकर फेकून दिली आणि जुन्या कारखान्यातून आणलेला टाकाऊ धागा ठासून भरला. गुलाबी, पोपटी, जरीचा. नवरदेव उंच दिसावा म्हणून जसे भरतात, तसे उंच, टणक. आणि डाव्या बाजूला, खोलवर, पिवळ्या फडक्याची एक पुरचुंडी. तिच्यात एक हळकुंड आणि एक सुपारी.

स्वाती आली. आबांनी मला ओट्याच्या कठड्यावर ठेवले.

"पोरी, आते बठी देख," ते म्हणाले. "राणीसारखी दिसस. परदेशमा दबेल खोगीर नही चालाव."

स्वाती बसली. मला जाणवले, तिला कळले होते. मी फार उंच झालो होतो. तिने एकदा माझ्या पोटावर हात फिरवला, एकदा आबांच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, "मस्त शे, आबा." मुलीला बापाचे मन मोडवले नाही. मित्रांनो, सगळे तिथेच बिघडले. एकाने सांगितले नाही, दुसरीने विचारले नाही.

विमानतळावर तिथल्या यंत्राने माझे पोट आरपार पाहिले असणार. पण हळकुंड हे काही हत्यार नव्हे. मला जाऊ दिले.

तिथे स्वातीला जो घोडा मिळाला त्याचे नाव बार्तेक. तांबडा, थोराड, सोळा वर्षांचा. किती अनोळखी स्वारांना त्याने वाहिले असेल कोण जाणे. मी त्याच्या पाठीवर बसलो आणि आम्ही दोघांनी एकदमच उसासा टाकला. दोन दमलेले जीव एकमेकांना लगेच ओळखतात.

पहिल्या दिवशी तो शेपटी झटकत राहिला. कान मागे पाडत होता. चालीचे गुण बरे मिळाले, फार नाही. किरण सर म्हणाले, नवा घोडा आहे, होते असे.

दुसरा दिवस रानातला. ओंडके, खंदक, पाण्यातली उडी, मग चढ. बार्तेकने सगळे प्रामाणिकपणे पार केले, एकदाही नकार दिला नाही. मित्रांनो, तसे धावणे माझ्या वाट्याला आधी कधी आले नव्हते. पण घामाने आणि दणक्यांनी माझ्या पोटातला धागा गोळा होऊ लागला. लोकर दबते आणि जागा देते. हा धागा फक्त गाठी मारतो. पुरचुंडी सरकत सरकत खाली आली. प्रत्येक उडीला ती त्याच्या पाठीत रुतत होती आणि माझ्या हातात काही नव्हते. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

स्वातीचा नंबर तिसांत सहावा आला होता. तिने हसत मला उतरवले, घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिचा हात थांबला. डाव्या बाजूला अंड्याएवढी सूज होती. तिने बोट लावताच बार्तेकने पाठ खाली दबवली. तो चावला नाही, लाथ झाडली नाही. फक्त बाजूला सरकला.

तिने बर्फ लावला, शेकले, पुन्हा बर्फ लावला. तबेला सांभाळणारी बाई आली. तिने सूज बघितली आणि मोडक्या इंग्रजीत स्वातीला समजावले. आठ दिवसांत उतरेल. मात्र पुष्कळ दिवस असा दाब राहिला तर तिथले केस मुळातूनच पांढरे उगवतात. स्वातीने तिला तेच पुन्हा सांगायला लावले. का, ते मला तेव्हा कळले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी घोडे दुडकत नेऊन पाहिले. बार्तेक लंगडला नाही. तो पास झाला. म्हणजे आता अडवणारे कोणी नव्हते. उरल्या होत्या बारा उड्या.

"दोढ मिनिटनी वात छे, स्वाती," किरण सर म्हणाले. "पछी घोडाने आरामज छे. बीजुं खोगीर आपुं?"

"सर, दुसरा भी वहीं बैठेगा," स्वाती म्हणाली.

"तारी नोकरीनो सवाल छे."

"मालूम है. लेकिन डेढ मिनिट मेरे लिए है. उसके लिए नहीं."

खरे सांगतो, मला जायचे होते. कोठीतून उठून मी इथवर आलो होतो. एकदा तरी सगळ्यांदेखत शेवटची उडी पार करावी, असे मलाही वाटत होते. पण स्वाती पंचांच्या टेबलापाशी गेली आणि आपले नाव काढून घेतले. यादीत तिच्या नावापुढे रेघ ओढली गेली. परत येताना तिचे पाय जड पडत होते. मी तिच्या खांद्यावर होतो, म्हणून मला कळले.

मग तबेल्याच्या बाकावर बसून तिने कात्रीने मला उसवले. गुलाबी धागा निघाला, पोपटी निघाला, जरीच्या गाठी निघाल्या. सगळ्यांत शेवटी पिवळी पुरचुंडी. तिने ती उघडली, हळकुंड पाहिले, नाकाला लावले.

"आबा, आबा," एवढेच म्हणाली आणि रडली.

आम्ही सुरतेला परतलो तेव्हा आबा दारातच उभे होते. आई मंगलाबाई ओट्यावर साडीला खडे चिकटवत होती.

"नंबर वना का?" आबांनी विचारले.

स्वातीने पुरचुंडी त्यांच्या हातावर ठेवली. "आबा, त्या घोडानी पाठ सुजनी. हाई लागनं त्याले."

आबा आधी चिडले. हळकुंड कुणाला लागते का, म्हणाले. बायकोकडे बघून म्हणाले, तिकडचे घोडे नाजूक असतील. स्वातीने वाद घातला नाही. ती त्यांचा हात धरून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेली आणि तो हात तिने चंचलच्या पांढऱ्या डागावर ठेवून दाबला. चंचलने पाठ खाली दबवली आणि बाजूला सरकली. अगदी बार्तेकसारखी.

आबांनी हात काढला. दुसऱ्या डागावर ठेवला. चंचल पुन्हा सरकली. कोपऱ्यात वरातीचे मोठे खोगीर होते. ते त्यांनी ओढून घेतले आणि तिथेच मातीत बसून उसवायला लागले. एक हळकुंड निघाले. मग दुसरे. मंगलाबाईने ताट आणून ठेवले. काही हळकुंडे नवी होती, काही झिजून गोट्यांसारखी झाली होती. नऊ वर्षांच्या लग्नांनी ते ताट भरले.

"माले कोनी सांगं नही," आबा म्हणाले.

"कोन सांगी?" मंगलाबाई म्हणाली. "तिले तोंड शे का?"

त्यानंतर आबा बराच वेळ घोडीच्या मानेला कपाळ टेकवून उभे होते. ते पाहवत नव्हते.

स्वातीची नेमणूक झाली नाही. ती अजून क्लबात झाडू मारते. कधी कधी संध्याकाळी येऊन माझ्याखाली भिंतीला टेकून बसते. तिने जे केले ते बरोबर केले, हे तिला माहीत आहे. पण बरोबर केले म्हणून दमायला होत नाही, असे थोडेच आहे?

मंगलाबाईच्या भावाने, धुडकूमामाने, खानदेशातल्या मेंढपाळांकडून लोकर आणून दिली. स्वातीने ती पिंजून, गुडघ्यावर दाबून दाबून माझ्यात भरली. कानपूरच्या त्या माणसासारखीच. वरातीचे जुने खोगीर मोडीत गेले आणि त्याची मखमल माझ्यावर चढली. हळद आबा आजही नाकारत नाहीत. नवरदेवाच्या आईकडून हळकुंड घेतात, कपाळाला लावतात आणि आपल्या खिशात ठेवतात.

कालच्या वरातीत बँड जोरात होता. नवरदेव माझ्यावर चढला. चंचल शांत उभी राहिली आणि बँडच्या मागे एकेक पाऊल टाकत चालू लागली. तिची पाठ माझ्याखाली इतकी सैल पूर्वी कुणी पाहिली नसेल. पण नवरदेवाचा काका रागावला. "भिकनभाऊ, तुमनी घोडी नाचनारी शे म्हनेत. आज का बरं नाची नही राहिनी?"

आबांनी लगाम तसाच धरून ठेवला.

"ती कधीच नाचे नही, भाऊ," ते म्हणाले. "आमले समजे नही."

मित्रांनो, माझे वय झाले, मी फार काळ टिकणार नाही. तुमच्याकडे मागणे एकच आहे. कोणी तुमचे ओझे वाहत असेल आणि तुम्हाला वाटत असेल की तो मजेत आहे, तर एकदा खाली उतरा आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवा. सावकाश फिरवा. तो बाजूला सरकतो का, तेवढे बघा. आता मला झोपू द्या, परवा उधन्याला जायचे आहे.