पंचवीस वाजून पाच

विनिताने बॅगेवर गुडघा दाबला आणि चेन ओढली. चेन अर्ध्यावर येऊन अडकली. साड्या तीनच होत्या, पण आईसाठी घेतलेली शाल, भाचीचा ड्रेस आणि बिट्टन मार्केटातून आणलेल्या शेवेच्या पुड्या यांनी बॅग फुगली होती. तिने गुडघा काढला आणि ती पलंगावर बसली. एकदा बसलं की उठवत नाही, हे ठाऊक असूनही बसली.

शनिवारची दुपार कलत होती. गाडी रात्री एक वाजून पाच मिनिटांची. सकाळी नागपूर, आईचं घर आणि तीन वर्षांनी मिळालेले चार दिवस. आईला भेटायचं होतं हे खरंच, पण त्याहून खरं म्हणजे तिला झोपायचं होतं.

नानांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, गेलं वर्षभर रात्रीचा दिवस केला होता, आणि तोही अगदी शब्दशः. दुपारभर घोरायचं आणि रात्री घर जागं ठेवायचं. कधी चहा हवा, कधी खिडकी उघडायची, कधी नुसतंच, "सूनबाई, आहेस ना?" आशिषची झोप कुंभकर्णाची. बायको हलवायची तेव्हा तो कूस बदलायचा. त्यामुळे हाक विनिताच्याच वाट्याला. सकाळी डबे, पाणी, पूजेची फुलं, मग ऑफिस. तिथे फायलीवर डोकं टेकायचंच काय ते बाकी असायचं. एकदा तर सहीच्या जागी तिने 'दूध अर्धा लिटर' लिहिलं होतं. साहेब हसले, ती हसली नाही.

त्यात नानांचं ते घड्याळ.

"काल सव्वीस वाजेपर्यंत डोळा लागला नाही," असं ते अगदी सरळ चेहऱ्याने सांगत. लोकांच्या घरी तीन तेरा वाजतात, ह्या घरात थेट सव्वीस वाजत. नाना पंचांगाचे शौकीन. पंचांगातला दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि दुसऱ्या सूर्योदयापर्यंत संपत नाही. म्हणून तिथे रात्रीचा एक म्हणजे पंचवीस आणि दोन म्हणजे सव्वीस. हे विनिताला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी नानांनी हौसेने समजावून दिलं होतं. आशिषला त्यात कधी रस नव्हता आणि नणंद वैजयंतीताई तोवर इंदूरला नांदायला गेलेल्या. पूर्वी नाना हे आकडे पंचांग उघडून बसले की उच्चारत, आता उठताबसता. ते 'सव्वीस' म्हणाले की बहीणभाऊ एकमेकांकडे बघत, आणि विनिता खाली मान घालून भाजी चिरत राही. खोटं तिने कधी सांगितलं नव्हतं. पण खरंही सांगितलं नव्हतं.

"विनिता, चहा झालाय गं!"

वैजयंतीताई कालच आल्या होत्या. हे चार दिवस नानांना सांभाळायचं आणि जमलं तर नंतरचंही काही ठरवून टाकायचं, अशा तयारीने. बाहेरच्या खोलीत आशिष मोबाइल चाळत होता. नाना खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसले होते आणि बशीतला चहा फुंकत होते.

"मी सीधी बात सांगते," वैजयंतीताई म्हणाल्या. "माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे ते वृद्धनिवास. स्वच्छ आहे, रात्री नर्स असते, मी रोज जाऊन येईन. नाना, तुम्हाला माणसांत बरं वाटेल."

नानांनी मान हलवली. ती होकाराची की चहा गरम असल्याची, ते कळलं नाही.

"आशिष, तू बोल ना."

"मी काय बोलू, ताई? रात्री उठते ती विनिता. ती म्हणेल तसं."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. विनिताने कप उचलला. 'हो' म्हणायचं तिने केव्हाच ठरवलं होतं. फक्त विचारलं कसं जाईल आणि म्हणायचं कसं, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात नाना म्हणाले, "पण सूनबाई, तू अजून इथे कशी?"

"म्हणजे?"

"तुझी गाडी काल होती ना? पंचवीस वाजून पाच मिनिटांनी. गेली असेल ती."

वैजयंतीताईंनी कप खाली ठेवला आणि भावाकडे बघितलं. "ऐकलंस? पंचवीस! आणखी काय सांगू मी? नाना, घड्याळाला चोवीसच तास असतात हो."

"गाडी आज रात्री आहे, नाना," आशिष जरा मोठ्याने, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला. "शनिवारी रात्री."

विनिता कप घेऊन स्वयंपाकघरात गेली. साखर हवी असल्याचं निमित्त केलं. ओट्याला टेकून तिने मोबाइल उघडला. तिकीट तिने स्वतःच काढलं होतं, ऑफिसात, दोन फायलींच्या मध्ये. चोवीस तासांचं घड्याळ तिला येत होतं. आशिषने शिकवलेलं गणित सोपं होतं: बारापेक्षा मोठा आकडा दिसला की त्यातून बारा वजा करायचे. इथे वजा करायला काही नव्हतंच. तारीख चौदा, शनिवार, ०१:०५. रात्रीचा एक, शनिवारी. बॅग भरायला घ्यायची शनिवारी दुपारी.

पण शनिवारचा रात्रीचा एक शनिवार उजाडण्याआधीच वाजून गेला होता. गाडी सुटली तेव्हा ती नानांच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती. त्यांनी विचारलंही होतं, "सूनबाई, गाडी?" आणि "उद्या हो, नाना, झोपा आता," म्हणून तिने त्यांना गप्प केलं होतं.

तिला रडू आलं नाही. रडायलाही थोडी ताकद लागते. चार दिवसांतला पहिला दिवस तिने स्वतःच्या हाताने घालवला होता, आणि घरात एकाच माणसाला ते कळलं होतं. नेमकं त्याच माणसाला.

बाहेरून ताईंचा आवाज आला. "विनिता, ये ना. एकदाचं ठरवून टाकू."

ती मोबाइल हातात घेऊनच बाहेर आली. नानांनी वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, बाईमाणसाचा चेहरा वाचण्याची त्यांना सवयही नव्हती. पण तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले, मग तिच्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं. तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे त्यांचं लक्ष पहिल्यांदाच गेलं असावं, असं तिला वाटलं आणि उगाचच लाज वाटली.

"तूच सांग, विनिता," ताई म्हणाल्या. "यांना वेळेचं भान आहे का?"

विनिताने तोंड उघडलं. पण तिच्याआधी नाना बोलले.

"नाही राहिलं, वैजू." त्यांनी बशी हळूच खाली ठेवली. "गाडी आजचीच असेल. मीच काहीतरी बडबडलो. हल्ली घड्याळ कळेनासं झालंय मला. इंदूरचं ते चांगलं म्हणतेस ना? मग जातो की."

हाच माणूस एकादशी आज की उद्या यावरून भटजींशी तासभर भांडायचा आणि घरी येऊन पुन्हा पंचांग उघडायचा. चुकलो, हा शब्द त्यांच्या तोंडून विनिताने आजवर ऐकला नव्हता. आत्ताही ते तिच्याकडे न बघता, सांडलेला चहा बोटाने टेबलावर पुसत होते.

"बघ, स्वतःच म्हणताहेत," ताईंनी सुस्कारा सोडला. त्यांचेही डोळे भरून आले होते. त्या काही वाईट नव्हत्या.

आता विनिताने फक्त गप्प राहायचं होतं. ते तिला चांगलं जमायचं. रात्रभराची, महिनाभराची, आयुष्यभराची झोप समोर अंथरून ठेवलेली होती, आणि तिच्यावर नुसतं आडवं व्हायचं होतं. तिला ती झोप मनापासून हवी होती. इतकी, की तिचे डोळे क्षणभर मिटलेसुद्धा.

मग तिने मोबाइल आशिषसमोर ठेवला, तिकीट उघडं करून.

"नाना खोटं बोलताहेत," ती म्हणाली.